लेक मिशिगनवर सॅमन आणि लेक ट्राउटचं ट्रोलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीच्या जवळ राहतो, एकोणीस फुटी सेकंडहँड बोट आहे, एप्रिल ते सप्टेंबर जमेल त्या शनिवारी पहाटे पाण्यात. एकदा मंडळाच्या पिकनिकला घरी स्मोक केलेला सॅमन नेला आणि तेव्हापासून मेसेज थांबलेले नाहीत, आणि प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. इथं सगळे फूट, पाउंड आणि फॅरनहाइटमध्येच बोलतात, मीही तेच वापरलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, पण ७ आणि ८ मात्र वाचाच.

१. ट्रोलिंग म्हणजे नक्की काय? आम्हाला फक्त इंटरनेटवरचं माहितीये.

बोट हळू चालवत ठेवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं, बस. कोकणात, गोव्यात सुरमईसाठी बोटीमागे नकली मासा सोडून ओढतात ना, तेच. गळ टाकून एका जागी बसायचं नाही कारण हे तळं म्हणजे आपलं गावाबाहेरचं तळं नाही, क्षेत्रफळ जवळजवळ ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा, लांबी ४९४ किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागा २८१ मीटर. समोरचा किनारा दिसत नाही. एवढ्या पाण्यात मासा तुमच्याकडे येईल म्हणून बसलात तर बसूनच राहाल, म्हणून आपण हिंडायचं.

२. तिथं कुठले मासे लागतात?

पाच. किंग म्हणजे चिनूक सॅमन, कोहो सॅमन, स्टीलहेड (हा रेनबो ट्राउटच, फक्त मोठ्या पाण्यात वाढलेला), ब्राउन ट्राउट आणि लेक ट्राउट, ज्याला इथं सगळे नुसतं 'लेकर' म्हणतात. गंमत म्हणजे या पाचांत मूळचा इथला फक्त लेकर, आणि तो नावाने ट्राउट असला तरी 'चार' (char) नावाच्या जातीतला आहे, ब्रुक ट्राउटचा भाऊबंद. बाकीचे चारही पाहुणे. कुठला कोण हे कसं ओळखायचं ते १६ मध्ये.

३. सॅमन तर समुद्रातला मासा, मग गोड्या पाण्याच्या तळ्यात कसा आला?

माणसांनी आणून सोडला. आधी लेकर होते भरपूर, पण बेसुमार मासेमारी झाली आणि त्यात वेलँड कॅनॉलमुळे नायगाराचा धबधबा टाळून सी लॅम्प्री वर घुसली. ही ईलसारखी दिसणारी, तोंडाच्या जागी दातांची वाटी असलेली बया, माशाला चिकटते आणि रक्त पिते. १९५० च्या दशकात लेक मिशिगनमधले लेकर संपलेच. मोठा शिकारी मासा उरला नाही म्हटल्यावर एलवाइफ नावाचा छोटा चांदीसारखा मासा (तोही समुद्राकडूनच आलेला) इतका माजला की १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे किनाऱ्यावर ढीग लागले, बुलडोझर लावून उचलावे लागले. मिशिगन राज्याच्या हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी या मत्स्य अधिकाऱ्यांनी डोकं चालवलं की हा एवढा फुकट चारा आहे तर खाणारा आणू, ऑरेगनहून कोहोची अंडी मागवली, १९६६ मध्ये पिल्लं सोडली, १९६७ मध्ये किंग सोडले. लॅम्प्रीसाठी नद्यांमध्ये १९५८ पासून टीएफएम नावाचं औषध टाकतात, ते आजही चालू आहे, थांबवलं तर परत तेच होईल. आणि आता तर बरेचसे किंग हॅचरीतले (पिल्लं वाढवायच्या केंद्रातले) नाहीत, मिशिगनच्या नद्यांमध्ये आपले आपण जन्मलेले आहेत.

एक वाकडी गोष्ट राहिली. किंग जवळजवळ फक्त एलवाइफवर जगतो. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमाराला एलवाइफ कोसळले आणि त्यांच्यामागे तिथले किंगही गेले. म्हणून इथं 'अजून मासे का सोडत नाहीत' असं ओरडणाऱ्यांशी मी वाद घालतो. खाणारी तोंडं वाढवून ताटातलं वाढत नाही.

४. लायसन्स काय काय लागतं? एच-वन वर असलो तर चालतं का?

व्हिसाशी काही संबंध नाही, तुम्ही त्या राज्यात राहता याचा पुरावा असला की रहिवाशाच्या दरात मिळतं. विस्कॉन्सिनमध्ये साधं फिशिंग लायसन्स आणि वर ग्रेट लेक्सचा सॅमन-ट्राउट स्टॅम्प (लायसन्सवरची जादा परवानगी), इलिनॉय आणि इंडियानातही स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो, मिशिगन राज्यात एकाच लायसन्समध्ये सगळं येतं. लहान मुलांना लागत नाही पण वय प्रत्येक राज्यात वेगळं, विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये १६ पासून लागतं, मिशिगनमध्ये १७, इंडियानात १८. दिवसाला किती मासे न्यायचे, त्यात लेकर किती, हे आकडे बदलत असतात म्हणून इथं लिहीत नाही, त्या वर्षीचं नियमपुस्तक फोनमध्ये ठेवा. आई-बाबा भारतातून आलेत त्यांचं काय, ते २४ मध्ये.

५. पहिल्यांदा जायचंय, बोट घेऊ का?

नको! पहिल्यांदा चार्टर करा, म्हणजे कॅप्टनसकट बोट भाड्याने घ्या. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचं लायसन्स असतं, सहा जणांपर्यंत नेतात, रॉड, आमिष, जॅकेट सगळं त्यांचं, परत आल्यावर मासे साफ करून पिशवीत भरून देतात. मदतनीस पोराला टीप १५-२० टक्के द्यायची, तो आदल्या रात्री जागून फ्लाय (झिरमिळ्यांचं नकली आमिष) बांधत बसलेला असतो. सहा जणांत वाटलं तर एवढं महाग पडत नाही. आणि नुसते फोटो काढत बसू नका, कॅप्टन कुठल्या खोलीवर किती रॉड ठेवतो, वेग काय दिसतोय, वळताना काय करतो हे बघा, ती खरी शिकवणी आहे. दोन-तीन चार्टर झाल्यावरही पहाटे तीनला उठायचा उत्साह टिकला तर मग बोटीचं बघा. बायकोला आधी सांगा.

६. कुठल्या महिन्यात यायचं?

मार्च-एप्रिलमध्ये तळ्याचं दक्षिण टोक आधी गरम होतं म्हणून कोहो इंडियानाच्या बाजूला, मिशिगन सिटीजवळ किनाऱ्यालगत असतात, मग शिकागो, वॉकीगन करत करत जूनपर्यंत केनोशा, रसीनला येतात. वारकऱ्यांसारखे मुक्कामाला मुक्काम धरून. जुलै-ऑगस्ट हा किंगचा सीझन, पोर्ट वॉशिंग्टन, शिबॉयगन आणि समोरच्या बाजूला लडिंग्टन. तिथंच २०२१ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्याचा रेकॉर्ड किंग लागला होता, ४७.८६ पाउंड, म्हणजे साडेएकवीस किलोच्या वर! लेकर मात्र सीझनभर असतात.

आता आपल्या लोकांची अडचण अशी की किंगचा भर बरोबर श्रावणात येतो. दरवर्षी कोणीतरी विचारतं. माझ्या घरी श्रावण पाळतात, म्हणून मी व्हॅक्यूम पॅक करून फ्रीझरमध्ये टाकतो आणि गणपती गेल्यावर काढतो, महिना-दीड महिना काही होत नाही. पकडणं चालतं का हे मात्र मला विचारू नका, ते आईला विचारून झालंय आणि उत्तर आवडलेलं नाही.

७. मासे किती खोल असतात?

फुटात उत्तर देता येत नाही, तापमानात येतं. किंगला साधारण ५० ते ५५ फॅरनहाइट पाणी आवडतं, लेकरला त्याहून गार, पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास, स्टीलहेडला जरा उबदार चालतं म्हणून तो वरच्या थरात भटकतो. उन्हाळ्यात वरचं पाणी ६८-७० असतं आणि खाली एका ठिकाणी तापमान एकदम पडतं, त्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात, तो कधी ४० फुटांवर असतो कधी ८० वर, आणि एका रात्रीत जागा बदलू शकतो (का ते १३ मध्ये). सोनारची संवेदनशीलता (गेन) वाढवली की पडद्यावर धुरकट पट्टा दिसतो तोच. आमिष त्या पट्ट्यात आणि थोडं खाली ठेवायचं. पहाटे अंधारात किंग वर येतात, तेव्हा दोन रॉड वरही ठेवतो, ऊन चढलं की तेही खाली.

एप्रिल-मेमध्ये सगळंच पाणी गार असतं तेव्हा याच्या उलट, जिथं दोन डिग्री जास्त उबदार मिळेल तिथं मासा, म्हणजे किनाऱ्याला, बंदराच्या तोंडाशी, गढूळ पाण्याच्या कडेला, कधीकधी आठ-दहा फूट पाण्यात.

८. बोट किती वेगाने चालवायची?

सॅमनसाठी ताशी २ ते २.८ मैल, लेकरसाठी १.५ ते २. हे झालं पुस्तकातलं. आता खरं सांगतो, मी पहिली दोन वर्षं जीपीएसवरचा आकडा बघून बोट चालवली आणि निम्म्या वेळा रिकामा आलो. जीपीएस सांगतो बोट जमिनीच्या हिशोबाने किती जातेय. पण तुमचा स्पून (चमच्यासारखा पत्र्याचा नकली मासा) ७० फुटांखाली आहे आणि तिथं पाण्याचा प्रवाह वेगळाच असतो, वर २.५ दिसतंय आणि खाली स्पून १.६ ने मेल्यासारखा लोंबतोय असं रोज होतं. खालचा वेग आणि तापमान सांगणारा सेन्सर डाउनरिगरच्या (आमिष खाली नेणारी चरखी, ९ बघा) वजनाजवळ लावता येतो, फिश हॉक वगैरे, महाग आहे पण घेतल्यावर मला आधीच्या सगळ्या स्पूनांवर उडवलेल्या पैशांचा पश्चात्ताप झाला. सेन्सर नसेल तर डाउनरिगरच्या केबलचा कोन बघा, समोरून प्रवाह आला की ती मागे जास्त तिरकी होते, मागून आला की सरळ खाली. आणि स्पून आत टाकण्याआधी बोटीच्या बाजूला पाण्यात धरून बघा, डुलतोय की गरगर फिरतोय की नुसताच ओढला जातोय. स्पून बदलण्याआधी खोली आणि वेग बघा, हे मी दर ट्रिपला कोणाला ना कोणाला सांगतो.

९. डाउनरिगर, डिप्सी, लेड कोर ही काय भानगड आहे? सगळं घ्यावं लागतं का?

सगळं म्हणजे एकच, आमिष हव्या त्या खोलीवर न्यायचे वेगवेगळे मार्ग.

डाउनरिगर ही बोटीच्या मागच्या कडेला लावलेली चरखी, तिच्या केबलला १०-१२ पाउंडांचा शिशाचा गोळा, आणि तुमचा तंगूस त्या गोळ्याला एका चिमट्यात अडकवलेला. गोळा ७० फुटांवर सोडला की आमिषही तिथंच. मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटतो, आतापर्यंत कमानीसारखा वाकलेला रॉड टणकन सरळ होतो आणि पुढच्या सेकंदाला परत खाली वाकतो. तो एक सेकंद बघायसाठी मी पहाटे तीनला उठतो.

डिप्सी डायव्हर ही प्लास्टिकची थाळी, पाण्यात तिरकी धरून खाली आणि बाजूला जाते. तिच्यावर ० ते ३ असे आकडे असतात, आकडा वाढवला की बाजूला जास्त, खाली कमी. लेड कोर म्हणजे आत शिसं भरलेला दोरा, दर १० यार्डांना रंग बदलतो आणि एक रंग बाहेर सोडला की साधारण ५ फूट खाली, म्हणजे पाच रंग सोडले तर पंचवीसेक फूट, वेगाप्रमाणे कमीजास्त. कॉपर म्हणजे तांब्याची तार, त्याहून जड. आणि प्लेनर बोर्ड हे तरंगते फळकुट दोरा बोटीपासून लांब नेतं, वसंतातल्या कोहोसाठी हे पाहिजेच कारण उथळ पाण्यातले मासे बोटीच्या आवाजाने बाजूला सरकतात.

सुरुवातीला दोन डाउनरिगर आणि दोन डिप्सी, लाइन काउंटर (किती दोरा सुटला ते मोजणारा) असलेले रीळ, एवढं बास. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये माणशी तीन रॉड चालतात, पण दोघं नवखे सहा रॉड टाकून बसले की काय होतं ते १४ मध्ये.

१०. कुठला स्पून घेऊ? कुठला रंग?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न. अंधार असताना चमकणारे (टॉर्चने चार्ज करायचे), ऊन आल्यावर चांदी, हिरवा, निळा. वसंतात कोहोला लाल किंवा नारिंगी छोटा डॉजर (आमिषापुढे डुलणारी चमकती पट्टी) आणि त्यामागे फूट-सव्वा फुटावर छोटी फ्लाय. उन्हाळ्यात किंगला आठ किंवा अकरा इंची फ्लॅशर (तशीच, पण गोल फिरणारी पट्टी) आणि मागे मोठी फ्लाय. दुकानात भिंतभर रंग टांगलेत ते आधी तुम्हाला पकडण्यासाठी आहेत, माशांचा नंबर नंतर.

११. लेक ट्राउटसाठी वेगळं काय करायचं?

तळ गाठायचा. ऊन चढून किंग गप्प झाले की मी ११०-१५० फूट पाण्यात जातो, वेग १.७ वर आणतो, आणि गोळा तळाला टेकेपर्यंत सोडतो, टेकला की केबल ढिली पडते, मग फूटभर वर. दर दहा मिनिटांनी परत टेकवून बघायचं कारण तळ वरखाली होत असतो. मागे मोठा डॉजर आणि स्पिन-एन-ग्लो नावाचं गरगरणारं रंगीत बोंडुक. गोळ्याने चिखल उडवला तर बिघडत नाही, उलट लेकर बघायला येतात. वार बारीक असतो, रॉडचं टोक नुसतं थरथरतं, कधीकधी वीस मिनिटं मासा मागे ओढला जातोय आणि आपल्याला पत्ता नाही.

लोक लेकरला नावं ठेवतात की लढत नाही, ओला गोणपाट ओढल्यासारखं वाटतं. असेल. पण मूळचा इथला तोच आहे, एकदा पूर्ण संपून परत आलाय, वीस-वीस वर्षं जगतो. मला तो आवडतो.

१२. उत्तरेकडे जाताना तीन लागले, वळून दक्षिणेकडे आलो तर शून्य. का?

खालचा प्रवाह. एका दिशेला तुमचा स्पून बरोबर वेगाने चालतो, उलट्या दिशेला तोच फार हळू किंवा फार जोरात (८ बघा). परत येताना वेग अर्धा मैल कमीजास्त करून बघा, तिरके जा, नाहीच जमलं तर रॉड उचला, बोट पळवत मागे जा आणि परत त्याच दिशेने सुरू करा, कॅप्टन लोकही हेच करतात. आणि वळताना लागला तर कुठल्या बाजूला लागला ते लक्षात ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूचं आमिष मंदावतं आणि खाली जातं, बाहेरच्या बाजूचं जोर धरतं आणि वर येतं. म्हणजे माशाने स्वतःच सांगितलं की हळू पाहिजे का जोरात.

१३. काल याच ठिकाणी पेटी भरली, आज पाणी मेलेलं. काय झालं?

रात्री वारा बदलला का बघा. आमच्या म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून दोन दिवस वारा वाहिला की वरचं गरम पाणी आत तळ्यात ढकललं जातं आणि खालचं बर्फगार पाणी किनाऱ्याला वर येतं. ऑगस्टमध्ये बीचवर पोरं पाण्यात पाय घालून किंचाळत बाहेर येतात ना, तेच. मासे मग किनाऱ्याजवळ, उथळात. उत्तर-पूर्वेचा वारा आला की उलट, गरम पाणी आमच्याकडे दाबलं जातं, थर्मोक्लाइन खोल जातो, मासे लांब आणि खाली. मिशिगन राज्याच्या बाजूला हे सगळं उलटं धरा. म्हणून कालचं जीपीएसवरचं ठिकाण जपून ठेवण्यापेक्षा कालचं तापमान जपा, आणि ते पाणी आज कुठं सरकलं ते शोधा.

१४. सारखा गुंता होतो. आणि दोऱ्यावर ओल्या कापसासारखं काय चिकटतं?

गुंता ९० टक्के वेळा वळण घट्ट घेतल्यामुळे. रॉड बाहेर असताना बोट गाडीसारखी वळवायची नाही, भला मोठा गोल घ्यायचा. माझा सगळ्यात भारी गुंता चौघांना सोडवायला सव्वा तास लागला, दोन डिप्सी, एक कॉपर आणि एक डाउनरिगर यांची वेणी झाली होती, शेवटी कात्रीच लावली, आणि आमच्या बाजूने एक म्हातारबाबा एकटे तीन रॉड घेऊन शांतपणे मासे काढत गेले. कमी रॉड टाका.

कापूस म्हणजे वॉटर फ्ली, काटेरी शेपटीचे पाण्यातले किडे, तेही बाहेरून आलेले. तंगूस बारीक असला की त्यांच्या शेपट्या अडकतात आणि रॉडच्या टोकाच्या कडीत गोळा होऊन दोरा आत येईनासा होतो, नेमका मासा असताना. डाउनरिगरवर ३० पाउंडाचा जाड तंगूस लावा, बरंच कमी होतं. घरी जायच्या आधी बोट धुवून, पाणी काढून, वाळवून घ्या, नाहीतर हे किडे पुढच्या तळ्यात तुम्हीच न्याल.

१५. मासा लागला! आता?

ओरडा. मग रॉड उचला, टोक वर ठेवा, आणि किंग पळत असेल तर हँडल फिरवू नका, पळू दे, शंभर यार्ड नेईल, ड्रॅगचं (रिळातल्या ब्रेकचं) काम आहे ते. थांबला की गुंडाळा. दोरा ढिला कधीच पडू द्यायचा नाही. बोट थांबवायची नाही, बाकीचे आमिष तळाला बसतील, फक्त थोडी हळू करा. जाळी आधी पाण्यात धरून ठेवायची आणि मासा डोक्याकडून आत आणायचा, शेपटीकडून नेलं की झटका देऊन जातो, आणि तो गेल्यावर जाळीवाल्याकडे कोणी बघत नाही, बोलत पण नाही.

१६. किंग कुठला आणि कोहो कुठला?

तोंड उघडा. खालच्या जबड्यात दातांच्या बुडाशी हिरडी काळी असेल तर किंग, पांढरट-राखाडी असेल तर कोहो. खात्री करायला शेपूट बघा, किंगच्या पूर्ण शेपटीवर ठिपके, कोहोच्या फक्त वरच्या अर्ध्यावर. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं आणि शेपटीवर ठिपक्यांच्या ओळीच ओळी. लेकर तर लांबूनही कळतो, गडद अंगावर फिकट ठिपके आणि शेपूट खोल दुभंगलेली. ब्राउनच्या शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात.

१७. माझ्या माशाचा एक पंख कापलेला होता. आणि एकाला गोल जखम. आजारी आहेत का?

नाही. पाठीवर शेपटीच्या आधी जो छोटा मांसल पंख असतो तो नसेल तर तो हॅचरीचा मासा, सोडताना खूण म्हणून कापतात. बऱ्याच जणांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार असते, तिच्यावर नंबर, कुठं आणि कधी सोडला ते कळतं. बंदरावर अशा माशांची डोकी जमा करायला फ्रीझर ठेवलेले असतात, चिठ्ठी भरून डोकं टाका. (हो, कालवणातलं डोकं जातं. मलाही वाईट वाटतं.) गोल जखम म्हणजे लॅम्प्री, ३ मध्ये सांगितली ती. मासा खायला चालतो, तेवढा भाग काढून टाका.

१८. पकडून सोडून दिला तर जगतो का?

वसंतात गार पाण्यात, पटकन सोडला तर चांगली शक्यता. ऑगस्टमध्ये ५० डिग्रीच्या पाण्यातून ७० डिग्रीत ओढून आणलेला, वीस मिनिटं लढलेला किंग सोडला तर बहुतेक मरतो, पोहत गेला म्हणून जगला असं नाही. लेकरला एक सोय आहे, त्याला पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते, वर येताना बोटीमागे बुडबुडे दिसले की समजायचं लेकर येतोय. तरी गरम पाण्याचा त्रास त्यालाही होतोच. माझा नियम सोपा, उन्हाळ्यात कोटा भरला की रॉड आत, 'अजून एक पकडू आणि सोडू' हा खेळ नाही.

१९. हे मासे खायला सुरक्षित आहेत ना? पीसीबीचं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. पीसीबी ही कारखान्यांतून पाण्यात आलेली विषारी रसायनं, ती चरबीत साठतात, म्हणून म्हातारा, मोठा, चरबीवाला लेकर सगळ्यात वाईट आणि छोटा कोहो सगळ्यात बरा. कातडी काढा, पोटाकडची चरबी, पाठीवरची आणि बाजूच्या रेघेतली तपकिरी पट्टी काढा, आणि भाजताना चरबी खाली गळून जाऊ दे. पारा मात्र मांसातच असतो, कापून किंवा शिजवून जात नाही. प्रत्येक राज्य कुठला मासा महिन्यात किती वेळा खायचा याचा तक्ता काढतं, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो जास्त कडक असतो, तो पाळा. गाभोळी मला जीव की प्राण, पण मोठ्या माशाची मी खात नाही.

२०. रावस म्हणजेच सॅमन ना? मग कालवण तसंच करायचं का?

नाही नाही नाही. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात त्यामुळे हा घोळ, पण रावस समुद्रातला वेगळाच मासा, नात्यातला पण नाही. रावसाचं मांस पांढरं आणि घट्ट, सॅमन तेलकट आणि नारिंगी, नारळाच्या रसात घातला की वर तेलाचा तवंग येतो आणि सासूबाई काही न बोलता आमटी घेतात. कोहोचे तुकडे हळद-तिखट-आमसूल लावून, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर, हे उत्तम लागतं. लेकर करायचाच तर जाळीवर भाजा नाहीतर स्मोक करा, कालवण करायचं असेल तर नारळ विसरा, चिंच-तिरफळाचं पातळ तिखट करा.

२१. बोट लागते मला, काय करू?

गोळी आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक, ड्रॅमामाइन किंवा बोनीन, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. नजर क्षितिजावर, फोन खिशात, उपाशी पोटी येऊ नका आणि मिसळ खाऊनही येऊ नका. मी आलेपाक ठेवतो डब्यात, भारतातून कोणी येणार असलं की तोच मागवतो.

२२. बोटीवर केळं आणलं तर कॅप्टन का चिडला?

अपशकुन. अमेरिकेत बोटीवाले केळ्याला घाबरतात, कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. हसू नका, आपण मांजर आडवं गेलं की थांबणारी माणसं. एकादशीवाल्या पाहुण्यांनी राजगिरा लाडू आणा.

२३. सेफ्टीसाठी काय बघायचं?

हे तळं आहे असं समजून येतात लोक आणि तिथंच फसतात. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये, कोहोचा पहिला मोठा सीझन चालू असताना, मिशिगनच्या प्लॅट बेजवळ छोट्या छोट्या शेकडो बोटी वाऱ्याचा इशारा न जुमानता पाण्यात गेल्या आणि सात जण मेले. इथल्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि एकामागे एक असतात, बोटीला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. एनओएएचा (सरकारी हवामान संस्थेचा) किनाऱ्याजवळच्या पाण्याचा अंदाज बघा, तीन फुटांच्या वर लाटा असतील तर माझी बोट ट्रेलरवरच राहते. व्हीएचएफ रेडिओ ठेवा, मदतीसाठी चॅनल १६, कारण मोबाइलची रेंज आत गेल्यावर जाते. जॅकेट अंगात, सीटखाली नाही. मे महिन्यात पाणी ४५ डिग्री असतं, पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहाएक मिनिटं हातपाय चालतात, त्यानंतर बोटं मिटत नाहीत. जॅकेटची क्लिप तेव्हा लावू म्हणाल तर लागणार नाही.

धुकंही आहेच. एकदा जूनमध्ये दहा मिनिटांत असं आलं की मला माझ्याच रॉडची टोकं दिसेनात, आणि कुठून तरी जहाजाचा भोंगा. कुठल्या बाजूने ते कळेना. रॉड गोळा केले, दर दोन मिनिटांनी हॉर्न देत जीपीएसवर रांगत बंदरात आलो, बरोबरचा मित्र तोपर्यंत रामरक्षा दोनदा म्हणून मोकळा.

२४. आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना एकदाच न्यायचंय. लायसन्स?

जो रॉड हातात घेणार त्याचं लायसन्स. नुसते बसून चहा पिणार असतील तर नको, पण मासा लागल्यावर 'बाबा घ्या' म्हणून रॉड हातात द्यायचा मोह होतोच, म्हणून आधीच काढा. विस्कॉन्सिनमध्ये ग्रेट लेक्ससाठी दोन दिवसांचं लायसन्स मिळतं, वेगळा स्टॅम्प लागत नाही, पासपोर्ट जवळ ठेवा. जुलैतला शांत दिवस निवडा, स्वेटर आणि कानटोपी द्या, किनाऱ्यावर ८५ असताना पहाटे पाण्यावर ५५ असतं हे त्यांना सांगून पटत नाही.

२५. सप्टेंबरमध्ये नदीत मोठे काळे सॅमन दिसतात, ते सोपे नाहीत का?

दिसतात, कारण ते मरायला आलेत. तीन-चार वर्षांचे किंग अंडी घालायला नदीत चढतात, खाणं बंद करतात, अंग काळं पडतं, मांस फिकट आणि मऊ होतं, आणि अंडी घातली की मरतात. आमिषावर झडप घालतात ती चिडून. मी ते खात नाही. आणि पाठीत, शेपटीत गळ अडकवून ओढणारे दिसतील तुम्हाला, ते बेकायदेशीर आहे, दंड होतो, त्यांचं बघून शिकू नका. ऑगस्टअखेर बंदराच्या तोंडाशी जमतात तेव्हा जे-प्लग (माशाच्या आकाराचं नकली आमिष) ओढून बघा, अजून चंदेरी असतात.

२६. बोट केनोशाला सोडली आणि मासे इलिनॉयच्या पाण्यात गेले तर?

तर इलिनॉयचं लायसन्स आणि स्टॅम्प लागेल. पाण्यावर रेघ नसली तरी हद्द आहे, केनोशाहून दक्षिणेला थोडं गेलं की लागतेच. जीपीएसच्या नकाशावर ती दिसते, मी तिच्यावर अलार्म लावून ठेवलाय. दोन्हीकडची लायसन्सं असली तरी दोन्ही राज्यांचे कोटे जोडून दुप्पट मासे आणता येतात असं समजू नका, परत जिथं उतरणार तिथले नियम लागू होतात आणि धक्क्यावर वॉर्डन (नियम तपासणारा सरकारी अधिकारी) पेटी उघडायला लावतो. आम्हाला एकदा लावली होती. चार कोहो, एक लेकर आणि डब्यात उरलेले थालीपीठाचे तुकडे. वॉर्डनने लायसन्सं बघितली, मासे मोजले, मग थालीपीठाकडे बोट दाखवून विचारलं, 'हे कसलं आमिष?'